उत्तरेकडील हिंवाळा आणि खिडकींतला दिवा

हिंवाळा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें हुरडा, तिळगूळ आणि अंगणांतलें कोंवळें ऊन हींच उभीं राहतात. थंडी ही आपणांस मौजच वाटते; तिच्यासाठीं म्हणून घर सजविण्याचा प्रसंग आपल्यावर येत नाहीं. परंतु ज्या देशांत थंडीबरोबर सूर्यहि दिसेनासा होतो, तेथील माणसें घरांत राहतात तरी कशीं, हें पाहण्याचा योग आम्हांस स्टॉकहोम येथें आला. स्वीडनच्या ह्या राजधानींत चिरंजीव नोकरीनिमित्त राहतात. सूनबाईंचें बाळंतपण जवळ आल्यामुळें आम्ही उभयतां आणि आमच्या वृद्ध मातोश्री नोव्हेंबरांत तेथें जाऊन राहिलों.

स्टॉकहोम ५९ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत सूर्य पावणेनऊच्या सुमारास वर येतो आणि तीन वाजण्याच्या आंतच मावळतो. तोहि बहुधा ढगांआड. मातोश्रींचा उभा जन्म उगवत्या सूर्याला हात जोडण्यांत गेलेला. पहिले आठ दिवस त्या खिडकीशीं उभ्या राहिल्या. पुढें त्यांनीं तेंहि सोडलें. जेवण तुटलें, बोलणें तुटलें. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. "दिवस उगवला असें म्हणायचें तरी कशावरून? मला घरीं पोंचव रे बाबा," एवढेंच मागणें. एकीकडे सूनबाईंचे दिवस भरत आलेले, दुसरीकडे ही काळजी. परतीचीं तिकिटें काढावींत कीं काय, ह्या विचारापर्यंत आम्ही आलों.

नाताळापूर्वींच्या चौथ्या रविवारीं वरच्या मजल्यावर एकट्याच राहणाऱ्या, सत्तरी उलटलेल्या एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांच्या हातीं एक लांकडी दीपदान होतें: मध्यें उंच आणि दोन्ही बाजूंस उतरत गेलेले सात विजेचे दिवे. तें त्यांनीं थेट खिडकींत ठेवलें. "दिवा देवापुढें ठेवायचा, तो खिडकींत कां?" मातोश्रींनीं पुष्कळ दिवसांनीं काढलेला हा पहिला शब्द. सूनबाईंनीं तो बाईंना समजावून दिला. उत्तर आलें, "रस्त्यानें जाणाऱ्यालाहि दिसावा म्हणून." आम्हीं बाहेर पाहिलें. समोरच्या इमारतींत पडदे सारलेले, आणि खिडकीगणिक तसाच दीपत्रिकोण! गोथेनबर्ग येथील ऑस्कर अँडरसन नामक कामगारानें १९३४ सालीं नाताळच्या झाडावरील टाकाऊ दिव्यांपासून असलें दीपदान प्रथम बनविलें. आज तें घरोघर आहे.

पुढें आमचें बाईंकडे जाणेंयेणें वाढलें. दोनच खोल्या, पण छताला एक झगझगीत दिवा टांगून मोकळें व्हावें, असा प्रकार नाहीं. वाचण्याच्या खुर्चीशीं एक, शिवणाशीं एक, जेवणाच्या टेबलावर एक, असे लहान लहान दिवे; जेथें माणूस बसतें तेथें उजेड. जमिनीवर जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या. भिंतीवर चित्रकार कार्ल लार्सन ह्यांच्या घराचीं छापील चित्रें. लार्सन आणि त्यांच्या पत्नी कारिन ह्यांनीं सुंडबोर्न गांवचें आपलें लांकडी घर स्वहस्तें सजविलें. विणकाम आणि भरतकाम कारिनबाईंचें. त्या घराच्या चित्रांचें पुस्तक १८९९ सालीं निघालें, आणि त्याच वर्षीं एलेन केय ह्या विदुषीनें 'सर्वांसाठीं सौंदर्य' ह्या पुस्तकांत, रोजच्या वापराची वस्तु सुंदर असावी आणि त्यासाठीं श्रीमंती लागत नाहीं, असें प्रतिपादन केलें.

हें ऐकून आम्हांस आपल्या घराची आठवण झाली, आणि खरें सांगावयाचें तर थोडी लाजहि वाटली. आमच्या दिवाणखान्यांतील पांढरी चादर पाहुणा येतांच अंथरली जाते आणि तो जातांच घडी होऊन कपाटांत जाते. आणि जेथें घरच्या बायका दिवसाचे सहा तास काढतात, त्या स्वयंपाकघरांत घरांतला सर्वांत मंद दिवा! मात्र तेथील सगळेंच आम्हांस मानवलें असें नाहीं. त्या सुंदर खोल्यांत बाईंशीं बोलावयास दिवस दिवस कोणी नसे.

मातोश्रींनीं नातवंडासाठीं जुन्या लुगड्यांची गोधडी आणली होती. ती एके दिवशीं त्यांनीं स्वतः काढून खिडकीजवळच्या खुर्चीवर घातली, आणि दीपदानाशीं बसून दुपट्याला किनार शिवूं लागल्या. १३ डिसेंबरला, ल्युसियाच्या सणाला, बाईंनीं केशर घातलेले पाव आणले. अंड्याच्या शंकेनें मातोश्रींनीं ते तोंडाला लावले नाहींत. पण वासावरून केशर मात्र बरोबर ओळखलें, आणि दुसऱ्या दिवशीं सूनबाईंना बाजूस सारून स्वतः केशरी शिरा करून वर पाठविला. तिकिटांची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

जानेवारीच्या आरंभीं नात झाली. तिकडील रीतीप्रमाणें १३ जानेवारीस नाताळची सजावट उतरवितात. त्या संध्याकाळीं समोरची एकेक खिडकी काळी झाली. चिरंजीव आमचें दीपदान काढावयास गेले, तों मातोश्री म्हणाल्या, "उद्यां संक्रांत. आणि बारसें व्हायचें आहे. असूं दे." तिळगूळ घेऊन आम्ही वर गेलों, तेव्हां बाईंनीं हा उशिराचा दिवा कसला, म्हणून विचारलें. सूनबाईंनीं सांगितलें. बाई कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं फिरून येतांना आम्हीं रस्त्यावरून वर पाहिलें, तों त्यांच्या खिडकींतहि सात दिवे पुन्हां लागले होते.