खेळाडू कुणाचा?

आम्ही जळगाव जामोदचे. सातपुड्याच्या पायथ्याशी राज्य क्रिकेटचं, तरी फुटबॉलवरून आमच्यात वाद झडतात. कुणाला मेस्सी थोर, कुणाला रोनाल्डो. आम्ही लिव्हरपूलकडून खेळलेल्या सलाहचं नाव घेतलं की समोरचा हसतो, ‘तुमचाच ना!’ 2017-18 च्या प्रीमियर लीगमधले त्याचे 32 गोल मग कुणी मोजत नाही.

प्रशिक्षकांत आम्ही हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांना मानतो. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, कर्करोग झालेला असताना, त्यांनी डोक्याला टाके पडलेल्या बचावपटू जर्नेलसिंगला आघाडीवर खेळवलं. अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवलं.

मग रहीमसाहेब कुणाचे? त्यांनी खेळ पाहिला, नाव नाही. आमचं मतही तसंच ऐकावं, एवढंच.