चाकाखालची पाचर

आमच्या चिरंजिवांनी कोलोरॅडोत एक चाकांवरचे घर घेतले आहे. मोटारीमागे जोडायचे, तळावर न्यायचे नि तिथे सोडायचे.

परवा डोंगरउतारावर उतरलो. चिरंजीव गवंड्यासारखे पाणसळ घेऊन बसले. डावी बाजू दोन बोटे खाली. म्हणून फळी टाकून डावे चाक तीवर चढवले. मला हसू आले. ‘अरे, बोटभर तिरपे झोपू की!’

‘बाबा, फ्रिज गॅसवर चालतो. त्यातला अमोनिया आपल्या वजनानेच खाली वाहतो. घर कललं, की तो बिघडतो.’

चहाची तल्लफ वाईट! तो पाचरी आणायला वळला, तेवढ्यात मी मदत म्हणून जोडाचा चाप काढला नि जॅक फिरवू लागलो. ब्रेक मोटारीला होता. जोड सुटताच घराला धरणारे कुणी उरले नाही. चाक फळीवरून घसरले. मागे नातू देवदाराची फळे वेचीत होता.

साखळ्या काढायचे मला सुचले नव्हते, एवढेच. त्यांनी हिसका देऊन घर वीतभरावर थोपवले.

चिरंजीव काही बोलले नाहीत. मोटार मागे घेऊन जोड लावला, फळी पुन्हा मांडली. दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी ठोकल्या, आणि मगच चापाला हात घातला. मी नातवाचे मनगट धरून उभा होतो. ‘आजोबा, दुखतंय,’ तो म्हणाला.