लोंढ्याहून गोव्याकडे : एका संपलेल्या कराराची वाट

पुण्याहून किंवा बंगळूरहून रेल्वेने गोव्याला जाताना आपल्यापैकी बहुतेकांनी लोंढा बघितलेलं असतं ते अर्धवट झोपेत. खानापूर तालुक्यातलं, बेळगावपासून रेल्वेने सुमारे 50 किलोमीटरवरचं, जंगलात वसलेलं हे गाव. गाव लहान आणि स्टेशन मात्र जंक्शन. एक रूळ बेळगाव-मिरजेकडे, दुसरा अळणावर-धारवाडकडे आणि तिसरा कॅसलरॉकवरून गोव्यात उतरणारा. या तिसऱ्या रुळाची गोष्ट मला लहानपणापासून अर्धीमुर्धी माहीत होती, कारण माझी आजी खानापूरची आणि तिची बहीण गोव्यात दिलेली. गेल्या पावसाळ्यात दोन दिवसांची रजा टाकून मी मुद्दाम लोंढ्याला उतरलो, कॅसलरॉकपर्यंत गेलो आणि परत येऊन जमेल तेवढं वाचून काढलं.

गोष्ट सुरू होते 26 डिसेंबर 1878 ला. त्या दिवशी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी लिस्बनमध्ये एक करार केला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज गोवा यांच्यामधली जकात उठवायची, दोघांची आयात-जकात एकच ठेवायची आणि गोव्यातल्या मिठाचा मक्ता ब्रिटिशांना द्यायचा. बदल्यात गोव्याला दरवर्षी 4 लाख रुपये. शिवाय मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी रेल्वेने जोडायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर ही एक 'कस्टम्स युनियन' होती आणि तिची मुदत होती 12 वर्षांची. जानेवारी 1880 मध्ये करार लागू झाला.

एक बाजार झाला खरा, पण त्याचे नियम ठरत होते दुसरीकडे. 1882 मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातली बहुतेक मालावरची आयात-जकात काढून टाकली. दर सामायिक असल्यामुळे गोव्याचंही ते उत्पन्न गेलं. मिठाचं दुखणं त्याहून मोठं. पिढ्यान्‌पिढ्या लमाणांचे तांडे घाटावरचं धान्य खाली नेत आणि गोव्याचं मीठ वर आणत. आता उत्पादनावर मर्यादा आली, मिठावर ब्रिटिश कर बसला आणि अनेक मिठागरं बंद पडली. म्हणजे करार नकोसा वाटणाऱ्या गोवेकरांचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं.

दरम्यान घाटात रूळ टाकले जात होते. मुरगावपासून सरहद्दीपर्यंत सुमारे 80 किलोमीटरचा मार्ग, त्यात कुळे ते कॅसलरॉक हा ब्रगांझा घाट. दर 37 मीटरला 1 मीटर चढ, बोगद्यामागून बोगदे आणि मधोमध दूधसागर. आजही या घाटात गाड्यांना जादा इंजिनं जोडतात. 1888 मध्ये हा मार्ग कॅसलरॉकपर्यंत पूर्ण झाला. पुढे लोंढ्यावरून सदर्न मराठा रेल्वेचे रूळ. धारवाड-बेळगावकडचा कापूस आणि धान्य मुरगावला उतरेल, बंदर मुंबईच्या तोडीचं होईल, हे त्या काळचं स्वप्न.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. रेल्वे पूर्ण झाली 1888 ला. कराराची मुदत संपली जानेवारी 1892 मध्ये आणि त्याचं नूतनीकरण झालं नाही. ज्या एका बाजारासाठी एवढा डोंगर फोडला, तो बाजार पूर्ण रेल्वेसकट जेमतेम चार वर्षं टिकला.

पुढे काय झालं? जकात परत आली. कॅसलरॉकला ब्रिटिशांची तपासणी, घाट उतरला की कुळ्याला पोर्तुगीजांची. मिठागरांवरचा ब्रिटिशांचा ताबा गेला, पण मीठ विकायचं त्या घाटावरच्या बाजाराच्या दारात आता नाका होता. वर्षाचे 4 लाख थांबले. रेल्वे कंपनीला पोर्तुगीज सरकारने दिलेली व्याजाची हमी मात्र थांबली नाही, ती तिजोरीतून जातच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रेल्वे चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे आलं. मालासाठी बांधलेल्या या रुळांवरून गोव्याची तरुण मुलंही नोकरीसाठी मुंबईला जाऊ लागली.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे असं दिसतं : एखादी लायब्ररी प्रोजेक्टमध्ये घ्यायला एक ओळ पुरते, पण चार वर्षांनी ती काढायला गेलं की कळतं, निम्मा कोड तिच्यावर उभा आहे. ती काढली म्हणून प्रोजेक्ट चार वर्षं मागे जात नाही, मधेच कुठेतरी अडकतो. 1892 चा गोवा 1879 चा गोवा होऊ शकला नाही. लमाणांची वाट मोडली होती आणि रेल्वेची वाट अडली होती.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि 2021 च्या पहिल्या दिवसापासून सामायिक बाजारातूनही. व्यापार करार झाल्यामुळे बहुतेक मालावर जकात लागली नाही, पण कागद आले : जकातीचे फॉर्म, माल कुठला याचा पुरावा, खाद्यपदार्थांसाठी आरोग्य प्रमाणपत्रं. मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी माणसं नेमली, छोट्यांना ते सोपं नव्हतं. तिथल्या सरकारी अर्थसंकल्पाची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या कार्यालयाने धरलेला अंदाज असा, की संघात राहिल्यास जी उत्पादकता असती त्यापेक्षा ती दीर्घकाळात 4 टक्क्यांनी कमी राहील. एका दिवसात काही कोसळत नाही. दरवर्षी थोडं थोडं कमी वाढतं, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही.

लोंढ्याच्या रुळाने दुसरी ताटातूट पाहिली 1955 मध्ये. सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली. गाड्याही थांबल्या. ही कराराची मुदत संपणं नव्हे, ती स्वातंत्र्याची लढाई होती आणि तिची किंमत लोकांनी समजून मोजली. घाटावरून येणारा माल बंद झाल्यावर गोव्यात बटाटे हॉलंडहून बोटीने येऊ लागले. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत आजीला तिची बहीण भेटली नाही. "शंभर किलोमीटर सुद्धा नाही रे बाबा, पण सहा वर्षं लागली," असं ती म्हणायची. अर्थशास्त्राच्या तक्त्यात हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा, मला माहीत नाही.

नाके उठताना आपण नीट बघत नाही, हेही खरं. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. आज निपाणीजवळ कोगनोळीला महाराष्ट्र-कर्नाटक सीमा ओलांडताना टोल भरावा लागतो, पण मालाच्या ट्रकला राज्याच्या करासाठी रांग लावावी लागत नाही. याचीही सवय होऊन गेली.

सामायिक बाजारात राहणं नेहमी फायद्याचंच असतं असं नाही. गोव्याची मिठागरं त्याची साक्ष आहेत. पण बाहेर पडताना प्रश्न "पूर्वी कसं होतं?" एवढाच नसतो. मधल्या काळात कोणी कशाच्या भरवशावर काय उभं केलं आणि त्याचे हप्ते आता कोण भरणार, हे विचारावं लागतं.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन गोव्याला जाल तेव्हा शक्य असेल तर दिवसाची गाडी घ्या. लोंढ्यानंतर तिनईघाट आणि मग कॅसलरॉक. दूधसागरच्या खिडकीसाठी भांडण होईलच, पण त्याआधी कॅसलरॉक आलं की मुलांना सांगा, इथे एकेकाळी देश संपायचा.