अधिकाऱ्याने हक्कांचा अभ्यास का करावा?

गेल्या वर्षापासून मी कार्यालयाची रीतसर परवानगी घेऊन दूरशिक्षण पद्धतीने मानवी हक्क या विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रम करीत आहे. अर्थशास्त्रात एम.ए. होऊन तीस वर्षे लोटली. साहजिकच दिल्लीतील मराठी स्नेही विचारतात, निवृत्ती जवळ आली असता ही पदवी कशासाठी? बढतीसाठी तिचा काहीही उपयोग नाही, हे खरे आहे. तरीही प्रशासनातील प्रत्येकाने हा विषय थोडाबहुत अभ्यासावा असे मला वाटते. त्याची कारणे येथे मांडतो.

प्रथम शब्दाविषयी. हिंदीत 'मानव अधिकार' म्हणतात, मराठीत 'मानवी हक्क'. मराठी कानाला 'अधिकार' म्हटले की सत्ता आठवते; ज्याच्या हाती तो असतो तो अधिकारी. हक्क मात्र मागणाऱ्याचा असतो. आपल्याकडील जुन्या कागदपत्रांत वतनदारांचे हक्क नोंदलेले आढळतात. ते जन्माने मिळत, पण ठरावीक घराण्यांनाच. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेला जाहीरनामा सांगतो की जन्माने मिळणारे हक्क सर्वांचे आहेत. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व मानव' असा शब्दप्रयोग हवा, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला होता.

दुसरे कारण माझ्या मूळ विषयाशी निगडित आहे. अर्थशास्त्राने आम्हाला सरासरी पाहण्यास शिकविले. शंभरातील अठ्ठ्याण्णव कुटुंबांपर्यंत योजना पोहोचली, तर आढावा बैठकीत ती यशस्वी ठरते. हक्काच्या दृष्टीने मात्र उरलेल्या दोन कुटुंबांचे देणे शासनाकडे बाकीच राहते. काही वर्षांपूर्वी पूर्वेकडील एका राज्यात तपासणीसाठी गेलो असता, एका वृद्धेची पेन्शन चौदा महिने बंद असल्याचे आढळले. यंत्रावर तिच्या बोटांचे ठसे उमटत नव्हते. संबंधित कार्यालयाच्या तक्त्यात ती केवळ एक अंक होती. पेन्शन का थांबली, दाद कोठे मागावी, हे तिला कोणीही लेखी कळविले नव्हते. पुढे पेन्शन सुरू झाली. परंतु ती 'कृपा' म्हणून सुरू झाली असेच त्या माउलीला शेवटपर्यंत वाटत राहिले. हे मला पैशाच्या थकबाकीइतकेच गंभीर वाटते.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात प्रश्न केवळ धान्याच्या तुटवड्याचा नव्हता. ते मिळविण्याची कुवतच लाखो लोक गमावून बसले होते. एम.ए.ला असताना हा सिद्धांत मी अर्थशास्त्र म्हणून वाचला. आता त्याची कायदेशीर बाजू वाचतो आहे. २००१ साली सरकारी गोदामे भरलेली असताना लोक उपाशी आहेत, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरच्या आदेशाने न्यायालयाने सरकारी शाळांत शिजविलेले अन्न देण्यास सांगितले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला धान्याचा हक्क दिला, आणि धान्य न मिळाल्यास भत्त्याची तरतूदही केली. एवढे होऊनही आमच्या पत्रव्यवहारातील शब्द मात्र 'लाभार्थी' हाच राहिला.

तिसरे कारण संस्थांच्या मर्यादेचे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग १९९३ च्या कायद्यानुसार स्थापन झाला. चौकशी करताना त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण चौकशीनंतर तो शिफारसच करू शकतो. घटनेला एक वर्ष उलटून गेले असेल, तर त्याला चौकशी करता येत नाही. शिवाय आयोगापर्यंत पोहोचणारा मनुष्य बहुधा अनेक टेबलांवरून परतलेला असतो. म्हणून हक्कांचे खरे रक्षण दिल्लीतील आयोगाच्या आधी तालुक्याच्या कार्यालयात व्हावयास हवे.

त्यासाठी पदवीची गरज नाही. नकार द्यायचा असेल तर तो लेखी द्यावा, त्यात कारण नमूद करावे, आणि अपील कोणाकडे व किती दिवसांत करावे, हे अर्जदाराला समजणाऱ्या भाषेत सांगावे. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे शेवटचे पथ्य विशेष पाळावे. कारण तेथील गरिबाची भाषा आपली नसते, पण त्याचा हक्क आपल्या सहीवर अवलंबून असतो.