शिरोरेषेची कसोटी

वाचकहो, यंत्राची लबाडी देवनागरीच्या शिरोरेषेइतकी दुसरे काहीच उघडी पाडत नाही! भिलाईच्या आमच्या घरी संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे एक हौशी सीएनसी राउटर आहे. त्यावर वडिलांच्या नावाची पाटी कोरली, तर शिरोरेषा टोकांना बारीक आणि मध्ये जाड उमटली. कटर फिरविणारी मोटर ज्या दोन गोल दांड्यांवरून सरके, त्या केवळ टोकांशी धरलेल्या होत्या. भार मध्यावर आला की त्या वाकत आणि टोकदार कटर अधिक खोल उतरे. अशा दांडीची लांबी निम्मी केली तर वाक अष्टमांशावर येतो. व्यास दुप्पट केला तर षोडशांशावर. पण मोठी पाटी कोरायची, तर लांबी कमी करून कसे चालेल?

वडिलांची हयात १९६० पासून रूळ घडविणाऱ्या येथील रेल मिलमध्ये गेली. ते म्हणाले, “रूळ काय एकट्याच्या बळावर गाडी पेलतो? खाली स्लीपर असतात.” मग जाड तुळईवर सबंध लांबीभर पोलादी रूळ आवळून बसविले. (ते समांतर लावण्यातच एक रविवार खर्ची पडला.) आडव्या चालीसाठी बॉलस्क्रू घातला, दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई त्याने जवळजवळ नाहीशी झाली. उभा स्क्रू मात्र जुनाच ठेवला आहे. बॉलस्क्रू इतका हलका फिरतो, की वीज जाताच मोटर स्वतःच्या वजनाने पाटीवर उतरावयाची.