अकरा गुणांचं मुंगूस

क्यूच्या मागे यू हवाच, हा शाळेत घोटून घेतलेला नियम स्क्रॅबलच्या पटावर मोडीत निघतो. क्यू आणि आय, झाला शब्द! उच्चार 'ची', अर्थ चिनी परंपरेतली प्राणशक्ती. मुरलेले खेळाडू तो येताजाता लावतात. प्राणशक्तीशी त्यांना देणंघेणं नसतं, त्यांना दिसतात ते अकरा गुण.

हे गुण ठरवले आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टनं. १९३०च्या दशकातल्या मंदीत त्याची नोकरी गेली आणि रिकामपणी त्यानं न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजली. ई जागोजागी सापडतं, म्हणून त्याच्या टाइल १२ आणि मोल एक. क्यू दुर्मीळ, म्हणून टाइल एकच आणि मोल १०. शब्दाचा अर्थ किती खोल आहे, हे या हिशोबात कुठेच नाही.

मग अशी अवघड अक्षरं खपवायला खेळाडू देशोदेशीचे शब्द धुंडाळतात. वेल्शमधून आलेला 'कूम' सी, डब्ल्यू, एम असा लिहितात. नेहमीच्या पाच स्वरांपैकी त्यात एकही नाही. हिमनदीनं डोंगरात कोरलेला वाडग्यासारखा खळगा म्हणजे कूम. नेपाळच्या बाजूनं एव्हरेस्टवर जाणाऱ्यांना 'वेस्टर्न कूम' ओलांडावा लागतो. ते नाव गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीनं १९२१मध्ये दिलं. हवाई बेटांवरून 'आआ' आला. लिहायला नुसते दोन ए, अर्थ खडबडीत, बोचरा लाव्हा. गुळगुळीत लाव्हा तो 'पाहोएहोए', आणि तो तर आपल्या सह्याद्रीच्या कातळात ठिकठिकाणी थिजलेला आहे. 'आआ'चे गुण मात्र दोनच. एवढा ज्वालामुखी फुटून दोन!

न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं फ्रेंच बोलता येत नसताना २०१५मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, २०२४मध्ये स्पॅनिशचंही. शब्द सगळे पाठ, अर्थाशी गाठ नाही. त्या स्मरणशक्तीला साष्टांग नमस्कार. पण तसं खेळण्यात मला गोडी नाही. कूम लावताना ज्याच्या डोळ्यांपुढे बर्फ येत नाही, त्यानं खुशाल सुडोकू सोडवावं.

इंग्रजी शब्दसूचीत आपली मंडळीही आहेत: पेशवा, लाठी, घाट. माझं लाडकं मात्र मुंगूस. इंग्रजांचा 'माँगूस' मराठीतूनच गेलेला. अक्षरं आठ, आणि गुण? अकरा. दोन अक्षरी 'ची'इतकेच! पण हातातल्या सातही टाइल एका डावात लागल्या की ५० गुण जादा मिळतात. तेव्हा मुंगूस सोडायचंच असेल, तर पटावर एखादा 'ओ' मोकळा आहे का, ते आधी बघून ठेवा.