हुशारी येते कोठून? ठाण्यापासून फांगण्यापर्यंतची एक फेरी

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले, की गावोगाव एकच बोलणे ऐकू येते. शहरातली मुले पुढे गेली, आपली मागे राहिली. पुढचे वाक्यही ठरलेलेच असते: "त्यांच्याकडे क्लास आहेत, पैसा आहे. आपल्या पोरांनी काय करायचे?" माझे काम शेतीचे. पण बांधावर खतांची आणि बियाण्यांची चर्चा संपली, की चहाच्या वेळी घरातले प्रगतिपुस्तक हळूच माझ्यापुढे येते. गणितात पस्तीस, इंग्रजीत अडतीस. बापाचा चेहरा उतरलेला असतो आणि मूल दाराआड उभे असते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात, भाताची झोडणी उरकून शेतकरी जरा मोकळे झाले तेव्हा, ठाणे, डोंबिवली, कल्याण आणि तेथून मुरबाड अशी एक फेरी मी मुद्दाम केली. ज्या शहरांकडे बोट दाखवून आपण 'तिकडची मुले हुशार' असे म्हणतो, तेथे हुशारीचे पीक कशावर येते, एवढेच पाहावयाचे होते.

सुरुवात ठाण्यापासून. हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्याला आली. चौतीस किलोमीटरचा तो प्रवास आपल्याला शाळेतच पाठ झालेला असतो. पण स्टेशनातून बाहेर पडून पायी जाण्याच्या अंतरावर दुसरी एक मोठी गोष्ट उभी आहे, तिकडे प्रवाशाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे मराठी ग्रंथसंग्रहालय. १ जून १८९३ रोजी ते स्थापन झाले. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक एके ठिकाणी जमवावे, या हेतूने विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांचे सोबती कामाला लागले. भावे त्या वेळी पुरते बावीस वर्षांचेही नव्हते. पुढे याच भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला.

आता कोणी म्हणेल, ग्रंथालयाचा आणि गणितातल्या गुणांचा काय संबंध? संबंध असा, की ज्या मुलाला वाचलेले नीट समजत नाही, त्याचे गणितही अडते. "एका हौदात दोन नळ सोडले" हे उदाहरण मुळात भाषेचे आहे. बेरीज-गुणाकार नंतर येतात. क्रमिक पुस्तकाबाहेरचे पान ज्याने कधी उलटलेच नाही, तो परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की गोंधळतो. ठाण्याच्या मुलांना सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हाताशी पुस्तक मिळत आले आहे, ही त्यांची खरी पुंजी.

याच शहरात महानगरपालिकेने १९८७ साली स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारी एक संस्था काढली. तिला नाव दिले चिंतामणराव देशमुखांचे. हे देशमुख आपल्याच कोकणातले. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली त्यांचा जन्म झाला. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले, १९१८ साली विलायतेत आय.सी.एस.ला पहिले आले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवले होते आणि संस्कृतवरही त्यांचे तेवढेच प्रेम होते. 'मेघदूता'चे त्यांनी मराठीत पद्य भाषांतर केले. झाडपाल्याचा अभ्यास आणि कालिदास एकाच डोक्यात सुखाने नांदले. एका विषयाची गोडी दुसऱ्या विषयाच्या आड येत नाही, उलट त्याला बळ देते. "आमच्या पोराचे डोके शास्त्राचे नाही" असे आठवीतच ठरवून टाकणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ठाण्याहून लोकलने डोंबिवलीला गेलो. हे चाकरमान्यांचे शहर. पहाटेपासून फलाट भरतो आणि रात्री तोच माणूस दमून परत येतो. घरे लहान. दोन खोल्यांत चार-पाच माणसे. अशा गर्दीत मुले अभ्यास करतात तरी कशी? मी गेलो त्या घरी त्याचे उत्तर मिळाले. संध्याकाळी सात वाजता टीव्ही बंद झाला. आई भाजी निवडीत बसली आणि मुलगी तिच्यासमोर वही उघडून बसली. आईने शिकवले काहीच नाही. फक्त मधून मधून विचारले, "आज काय झाले वर्गात? मला सांग बघू." मुलगी सांगत गेली. सांगता सांगता जेथे अडखळली, तेथे आपण अडतो हे तिचे तिलाच कळले. अर्धा तास झाला आणि उजळणी संपली.

याच डोंबिवलीत पुंडलिक पै यांनी १९८६ साली वाचनालय सुरू केले आणि ते फार वाढले. फेब्रुवारी २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथे भरले. वाचणारे शहर असे त्याचे नाव आहे. पण सारेच गोड आहे असेही नाही. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, अशी धावपळ करणारी आणि उत्तरे नुसती घोकणारी मुलेही तेथे पुष्कळ दिसली. रासायनिक खताची मात्रा वाढवत नेली म्हणून उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही, हे आपण जाणतोच. क्लासचेही तसेच आहे. मुळात समज असेल तर क्लासचा उपयोग होतो. नसेल तर फी तेवढी जाते.

पुढचे स्टेशन कल्याण. १ मे १८५४ रोजी येथवर रेल्वे पोचली आणि १८६४ मध्ये गावात सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. याच जुन्या कल्याणातल्या जोशी घराण्यात १८६५ साली यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टात कारकून असलेल्या, वयाने बऱ्याच मोठ्या गोपाळराव जोशांशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. बायकोला शिकवण्याचा गोपाळरावांचा हट्ट जबर होता. त्या हट्टापायी तिने मारही खाल्ला. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. बायकांवर नीट उपचार करणारी बाई डॉक्टर देशात नाही, हे तिला त्या दुःखातून उमगले. १८८३ साली ती जहाजाने अमेरिकेला गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने तिचा अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

आनंदीबाईंची गोष्ट सांगताना लोक गोपाळरावांच्या छडीला श्रेय देतात. मला ते पटत नाही. मार बसला तो अक्षरे गिरवताना. पण परक्या देशात, थंडीत, प्रकृती साथ देत नसताना ती वैद्यकीचे ग्रंथ वाचत होती, तेथे छडी नव्हती. तेथे होते ते तिचे स्वतःचे कारण. आपण हे कशासाठी शिकतो हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्याला अभ्यासाला बसवावे लागत नाही.

कल्याणला मुरबाडच्या एसटीची वाट पाहत असताना एक ओळखीचे शेतकरी भेटले. भेंडी घालून परत निघाले होते. बरोबर आठवीतली मुलगी होती. म्हणाले, "साहेब, दोन म्हशी विकतो आन् पोराला कल्यानला खोली करून देतो. क्लासाला घालतो. पोरीचं काय, गनितात नापास. पुढच्या वर्षी बंद करीन म्हनतो."

मुलगी खाली मान घालून उभी. मी तिला विचारले, "बाळ, भेंडीचे पैसे कोणी मोजले?" बापच म्हणाले, "तिनंच. आडत, हमाली सगळं ती बगती." मी म्हणालो, "मग ही नापास कशी? युरियाची गोणी पंचेचाळीस किलोची. तिच्यावर शेहेचाळीस टक्के नत्र लिहिलेले असते. म्हणजे एका गोणीत नत्र किती?" ती गप्प. टक्के म्हणजे शंभरातले, एवढेच सांगितले. तिने हातावर बोटाने आकडे मांडले. पंचेचाळीस गुणिले शेहेचाळीस, भागिले शंभर. "वीस पॉइंट सात." मग विचारले, "भाताला एकरी चाळीस किलो नत्र लागते. निव्वळ युरियातून द्यायचे तर गोण्या किती?" या वेळी उत्तर लगेच आले, "दोन." बाप बघतच राहिले. वर्षानुवर्षे ते एकरी दोन गोण्या टाकीत होते. त्या दोनच का, हे त्यांना पोरीने सांगितले.

तिचे गणित कच्चे नव्हते. पाचवी-सहावीत टक्केवारी आणि अपूर्णांक समजायचे राहून गेले होते. त्याच्यावर पुढची इमारत कशी उभी राहणार? रोप पिवळे पडले की आपण आधी मूळ तपासतो. मुलाच्या बाबतीत मात्र पानावरच फवारणी करतो.

एसटी आली. रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल ओलांडला, की शहर मागे पडते आणि भाताची खाचरे लागतात. मुरबाड तालुक्यातच फांगणे हे लहानसे गाव आहे. येथे ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, साठीच्या पुढच्या बायकांसाठी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती एका धर्मादाय न्यासाच्या मदतीने उभी केली. गुलाबी नऊवारी हा गणवेश, दप्तर-पाटी हे साहित्य, आणि वर्ग भरायचा तो घरची कामे आटोपल्यावर दुपारी. आपल्याला पोथी वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, ही त्यांची ओढ. अभ्यास घ्यायला घरात नातवंडे होतीच. ज्या घरात आजी पाटी घेऊन बसते, त्या घरातल्या नातवाला "अभ्यासाला बस" असे सांगावे लागत नसेल, हे उघड आहे. आजीला शिकवता शिकवता त्याचेही पक्के होते.

मुलाला शाळेकडे ओढण्याऐवजी शाळेनेच त्याच्या वेळेशी जुळवून घ्यावे, हा धडा या भागाला नवा नाही. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि आता पालघर जिल्ह्यात गेलेल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो पूर्वीच घालून दिला. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखत होती, धाकटी भावंडे सांभाळीत होती. तेव्हा बाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे चरत तेथे नेली, ती कुरणशाळा. गारगोट्या, पाने आणि बिया हेच साहित्य. 'मंद' म्हणून सोडून दिलेली मुले तेथे शिकू लागली.

आता या फेरीचा हिशोब. अभ्यासात पुढे जाणाऱ्या मुलाजवळ मला सगळीकडे तीनच गोष्टी दिसल्या: हाताशी पुस्तक, रोज विचारणारे माणूस आणि शिकण्याचे स्वतःचे कारण. शहरात त्या सहज मिळतात हे खरे, पण त्यांच्यावर शहराची मालकी नाही. म्हशी न विकताही आपल्या घरी पुढील गोष्टी करता येतील.

रोज संध्याकाळी अर्धा तास ठरवून ठेवा. तेवढा वेळ टीव्ही व मोबाइल बंद. आपण शिकलेले नसलात तरी हरकत नाही. "आज काय शिकलास ते मला सांग" एवढे म्हणा आणि शेवटपर्यंत ऐका.

मूल एखाद्या विषयात मागे असेल तर मारू नका. शिक्षकांना भेटून 'नेमके कोठे अडते' ते विचारा आणि मागच्या इयत्तेच्या पुस्तकापासून सुरुवात करा.

बाजाराचा हिशोब, गुंठ्यांचे मोजमाप, खताची मात्रा मुलांकडून काढून घ्या. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बांधावर उभे राहून क्षेत्रफळ शिकलेले मूल ते विसरत नाही.

पेरणी-लावणीच्या दिवसांत मुलांची मदत लागते, हे मी जाणतो. पण शाळेची वेळ सोडून घ्या. आठवडाभर चुकलेला धडा वर्षभर सलतो.

गावात वाचनालय नसेल तर चार जणांनी मिळून काढा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे मान्यता मिळालेल्या ग्रंथालयाला शासनाचे अनुदान मिळू शकते.

आणि मुलीची शाळा बंद करू नका. बारावीपर्यंत तिला एसटीचा पास मोफत मिळतो. त्या आठवीतल्या मुलीचा बाप उतरताना मला म्हणाला, "साहेब, म्हशींचं पुढं बगू. पन हिचं नाव काढायचं नाय, हे ठरलं." एका गोणीचा हिशोब तिने केला होता. घरात असा हिशोब करू शकणारे माणूस असताना त्याची शाळा सोडवणे, हे कोणत्याच शेतकऱ्याला परवडण्यासारखे नाही.